शेवटच्या फेरीत तो समोर आला तर

सांगली,
रविवार

चि. मनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्री तू आईला फोनवर जे विचारलंस, ते तिनं मला सकाळी चहा घेताना सांगितलं. वर म्हणाली, "याचं उत्तर तुम्ही लिहा. मी लिहिलं तर चार शब्दांत संपेल." मी विचारलं, कोणते चार? "खेळ आणि जिंकून ये." तिचं उत्तर तुला पोचलं. माझं जरा लांबेल. फोनवर बोलायचं तर तू मध्येच "हो बाबा, हो बाबा" करून विषय बदलतेस, म्हणून कागद घेऊन बसलोय.

प्रश्न मला नीट कळला आहे ना, ते आधी बघू. पुण्याच्या खुल्या स्पर्धेत तुम्ही दोघंही वरच्या पटांवर असणार. शेवटच्या फेरीत त्या नाशिकच्या मुलाशीच तुझं पेअरिंग आलं, तर दहा-बारा चाली खेळून बरोबरी करावी का? दोघांना अर्धा-अर्धा गुण मिळेल, दोघंही बक्षिसांत राहाल, कोणी कोणाला हरवलं नाही असं होईल आणि संध्याकाळ हसतखेळत जाईल. हिशेब चोख आहे. तरी मला तो पसंत नाही.

पण त्याआधी एक सांगतो, मला आनंद झालाय. मनापासून. मला याची कुणकुण कोल्हापूरच्या स्पर्धेपासूनच होती. एरवी जिंकून आलीस की तू तुझ्या चाली सांगतेस. त्या दिवशी मात्र तू त्याच्या चाली सांगत होतीस. एक प्यादं कमी असताना त्यानं हत्ती कसा मागच्या बाजूनं आणला, तू मात टाळायला भाग पाडल्यावर त्यानं घड्याळात दोन मिनिटं उरलेली असताना नेमकी चाल कशी शोधली. जिच्याकडून हरला ती मुलगी त्याच्या बचावाचं इतकं कौतुक करते आहे, हे ऐकून मी आईकडे बघितलं. ती भाजी निवडत होती, पण कान सगळा तुझ्याकडेच होता.

आणि त्याच दिवशी तू आणखी एक गोष्ट सांगितलीस, ती तुला बारीक वाटली असेल, मला फार मोठी वाटली. डाव सोडल्यावर त्यानं हात मिळवला, सही केली आणि पहिलं वाक्य बोलला ते असं, "तेविसाव्या चालीला घोडा डी५वर आला असता तर?" मग तुम्ही बाहेर व्हरांड्यात पट मांडून बसलात ते हॉल बंद करायला माणूस येईपर्यंत. मने, इतकी वर्षं मी बुद्धिबळाच्या स्पर्धा बघतोय, खेळतोय. माणूस हरल्यावर पहिलं वाक्य काय बोलतो यावरून मी त्याच्याबद्दल मत बनवतो, आणि ते मत सहसा बदलावं लागत नाही.

याचं कारण या खेळातच आहे. क्रिकेटमध्ये नाणेफेक असते, खेळपट्टी असते, पाऊस असतो. पत्त्यांत हातात काय येईल ते नशीब. पटावर सगळं दोघांना सारखं, सगळं उघडं. सोळा मोहरी तुझी, सोळा त्याची. पांढऱ्याला पहिली चाल मिळते तेवढाच काय तो फरक. म्हणून हरणं फार झोंबतं, आणि म्हणून हरल्यावर माणसं कारणं शोधतात. डोकं दुखत होतं, पंख्याचा आवाज येत होता, शेजारच्या पटावरचा मुलगा पेन टिकटिकवत होता. आणि हरवणारी मुलगी असेल, तर कारणांची यादी आणखी वाढते. हे तुला मी सांगायला नको. दहा-अकरा वर्षांची होतीस तेव्हापासून तू तुझ्यापेक्षा दुप्पट वयाची माणसं पटावरून तणतणत उठलेली बघितली आहेस.

व्हेरा मेंचिकची गोष्ट तुला लहानपणी सांगायचो, आठवते का? १९२७ साली पहिली महिला जगज्जेती झाली ती. १९२९ साली कार्ल्सबादला पुरुषांच्या मोठ्या स्पर्धेत तिला खेळायला बोलावलं, तेव्हा व्हिएन्नाचा आल्बर्ट बेकर सगळ्यांसमोर म्हणाला, जो कोणी हिच्याकडून हरेल त्याला आपण 'व्हेरा मेंचिक क्लब'चा सभासद करून घेऊ. आणि मग क्लबाचा पहिला सभासद झाला तो स्वतः बेकरच. तू ही गोष्ट ऐकताना दर वेळी टाळ्या वाजवायचीस. पण तेव्हा तुला जे सांगितलं नव्हतं ते आज सांगतो, कारण आज ते तुझ्या कामाचं आहे. त्या क्लबात पुढे मॅक्स यूव्हेही आला. हॉलंडचा, गणिताचा शिक्षक. मेंचिकनं त्याला दोनदा हरवलं. १९३५ साली हाच यूव्हे अलेखाइनला हरवून जगज्जेता झाला, आणि १९७० साली जागतिक बुद्धिबळ संघटनेचा अध्यक्ष झाला.

आता आपल्याकडे ये. १९७६ साली मुंबईची रोहिणी खाडिलकर, वय तेरा, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळली. त्यावरून केवढा गदारोळ झाला! प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. शेवटी जागतिक संघटनेच्या अध्यक्षानं निर्णय दिला की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून बायकांना अडवता येणार नाही. तो अध्यक्ष म्हणजे मॅक्स यूव्हे. मेंचिकपुढे बसून, तिच्याकडून हरून, उठून हात मिळवलेला माणूस. ते दोन पराभव त्याला त्या दिवशी आठवले असतील असं मला आपलं वाटतं. तू आज खुल्या गटात नाव घालतेस आणि कोणी भुवई उंचावत नाही, त्यामागे वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी खाडिलकर बहिणी आहेत आणि नीट हरता येणारा एक डच माणूसही आहे. २०२५च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखनं बाटुमीत कोनेरू हंपीला हरवून महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला, तेव्हा आपण तिघं टीव्हीसमोर होतो. आई रडली होती, आठवतंय ना. तुझ्या नाशिककरानं त्या संध्याकाळी तुला पहिला मेसेज केला होता, असं तूच नंतर बोलता बोलता सांगून गेलीस.

तर मुलगा नीट हरतो. हे मी त्याच्या खात्यावर मांडून ठेवलंय.

आता आमची गोष्ट. तुला ती तुकड्यातुकड्यांनी माहीत आहे. आजीची आवृत्ती वेगळी, मावशीची वेगळी. माझ्याकडून सलग अशी तू कधी ऐकली नाहीस.

१९८८चा मे महिना. आनंद ग्रँडमास्टर झाला ते वर्ष. सांगलीत तेव्हा उन्हाळा आणि बुद्धिबळ या दोन गोष्टी एकदमच यायच्या. भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ साली नूतन बुद्धिबळ मंडळ काढलं, तेव्हापासून या गावात पोरांना सुट्टीत पटावर बसवायची रीतच पडून गेली. बाहेरगावचे खेळाडू ट्रंका घेऊन यायचे. पुण्याहून आलेल्यांत तुझी आई होती. आपल्या वडिलांबरोबर. दोन वेण्या, निळी शाई भरलेलं पेन, आणि प्रत्येक चाल लिहून झाल्यावर त्या पेनाचं टोपण लावायची सवय. टोपण लागलं की समजायचं, आता ही विचार करणार. तिचं नाव मी पेअरिंगच्या फलकावर वाचलं तेव्हा ती माझ्या पुढे होती, अर्ध्या गुणानं.

अडीच तासांत चाळीस चाली असं तेव्हाचं घड्याळ. चाळीस चाली होऊनही निकाल लागला नाही, तर डाव तहकूब व्हायचा. तुमच्या पिढीला ही भानगड माहीत नाही, म्हणून सांगतो. ज्याची चाल असेल त्यानं ती पटावर खेळायची नाही, गुपचूप कागदावर लिहायची. कागद पाकिटात, पाकीट बंद, त्यावर पटावरची स्थिती आणि दोघांची वेळ, आणि पाकीट पंचांकडे. दुसऱ्या दिवशी दोघांसमोर फोडायचं. रात्रभर दोघांनाही स्थिती माहीत, पण पुढची चाल एकालाच माहीत. संगणक आले आणि ही पद्धत गेली. जायलाच हवी होती, नाहीतर रात्री डाव यंत्रानंच खेळला असता. तरी मला तिची आठवण येते.

आमचा डाव तहकूब झाला. हत्ती आणि प्यादी उरली होती, तिचं एक प्यादं जास्त, आणि चाल तिची. तिनं कागद हातानं झाकून काहीतरी लिहिलं, टोपण लावलं, पाकीट पंचांना दिलं आणि वडिलांबरोबर निघून गेली. मी घरी येऊन पट मांडला. तिनं काय लिहिलं असेल? हत्तीनं शह? प्यादं पुढे? प्रत्येक चालीला मी उत्तर शोधलं, उत्तराला तिचं उत्तर, त्याला माझं. आजोबा जेवण झाल्यावर येऊन बसले. त्यांचा जुना देशी डाव, ज्यात शह बसलेला नसेल तर राजाला एकदाच घोड्यासारखी उडी मारता यायची; तरी हत्तीच्या खेळात त्यांची नजर फार चांगली. रात्री कधीतरी ते उठून गेले, मी बसून राहिलो. एका अनोळखी मुलीच्या डोक्यात काय चाललं असेल याचा इतका बारकाईनं विचार मी आयुष्यात प्रथमच करत होतो, आणि मला तो थांबवावासा वाटत नव्हता.

सकाळी पाकीट फुटलं. शह नव्हता, प्यादंही नव्हतं. राजा एक घर बाजूला. एवढंच. रात्रभरात ती चाल मी एकदाही पटावर करून बघितली नव्हती, आणि पाच मिनिटांत कळलं की हीच चाल बरोबर आहे. दीड-दोन तास झुंजलो. मग घड्याळ थांबवलं आणि हात पुढे केला.

त्यानंतर मी विचारलं, "राजा का?" ती म्हणाली, "बाकी सगळं तुम्ही रात्री बघणार हे माहीत होतं." आणि मग विचारलं, "झोपला नाहीत ना? मीही नाही." आम्ही तिथंच बसून तो शेवट पहिल्यापासून मांडला. तिचे वडील शेजारी उभे राहून घड्याळ बघत होते, पण त्यांनाही उत्सुकता होती, म्हणून गप्प राहिले. एका जागी मी तिला बरोबरीची वाट दाखवली, तिनं ती खोडून काढली, मी पुन्हा दाखवली. ती मान हलवत म्हणाली, "हो, इथं सुटला असतात." मला तो डाव जिंकल्यासारखाच आनंद झाला.

ती स्पर्धा तिनं जिंकली नाही, मीही नाही. जाताना तिनं विचारलं, पत्रानं डाव खेळाल का?

पत्रानं म्हणजे पोस्टकार्डावर. पंधरा पैशांचं कार्ड. एका कार्डावर एक चाल. सांगलीहून पुण्याला जायला दोन-तीन दिवस, तिकडून यायला तेवढेच. कार्ड उघडं असतं, पोस्टमनपासून शेजारच्या काकूंपर्यंत कोणीही वाचू शकतं, त्यामुळे मजकूर अगदी सभ्य. "आपली सहावी चाल मिळाली. माझी सहावी: उंट ई२. इकडे पाऊस सुरू झाला." पुढच्या कार्डात, "तुमची सातवी मिळाली. किल्लेकोट केला. कृष्णेला पूर आला का?" मी लिहायचो की पाणी आयर्विन पुलाच्या कुठल्या खुणेपर्यंत आलंय. पावसाळा संपला, दिवाळी आली, आणि एका कार्डात "तुझी चौदावी मिळाली" असं आलं. मी ते कार्ड कितीदा वाचलं असेन! शाई तीच, अक्षर तेच, चालही साधीच होती. आजीनं ते वाचून विचारलं, "काय रे, घोडा गेला वाटतं तुझा?" घोडा जागेवर होता.

पुण्यात मात्र सगळी कार्डं तुझ्या आजोबांच्या, म्हणजे आईच्या वडिलांच्या नजरेखालून जात होती, आणि त्यांना खेळ कळत होता. त्यांनी घरात वेगळा पट मांडून ठेवला होता आणि प्रत्येक कार्ड आलं की त्यावर चाल करत होते. हे आईलाही बरेच दिवस माहीत नव्हतं. एकोणिसाव्या चालीच्या कार्डावर तळाशी निराळ्या अक्षरात दोन ओळी आल्या. "आपल्या राजाकडच्या घोड्याला परतायला वाट राहिलेली नाही. याचं काय करायचं ते एकदा घरी येऊन बोलावं. वडिलांनाही आणावं." मी ते कार्ड इकडच्या आजोबांपुढे, म्हणजे माझ्या वडिलांपुढे ठेवलं. त्यांनी आधी पटावर बघितलं, घोडा खरंच अडकलाय का ते तपासलं, मग चष्मा काढून म्हणाले, "शनिवारची गाडी बघ."

त्या घोड्याचं काय झालं ते विचारू नको. सगळ्यांसमोर तासभर त्याच्यावर चर्चा झाली आणि मग पोहे आले. डाव आम्ही पुढे कार्डांवरच पुरा केला. बरोबरी झाली. ठरवून झालेली नव्हती ती. माझा वजीर तिच्या राजाला सारखा शह देत होता, तिला त्यातून निघता येईना, मला त्याहून जास्त काही मिळेना. तीच स्थिती तीनदा आली आणि दोघांनी मान्य केलं. लग्नाच्या आधी महिनाभर.

म्हणून मने, बरोबरीला माझा विरोध नाही. पटावर लढून आलेल्या बरोबरीसारखं सुंदर काही नाही. माझा विरोध आहे ती आधीच्या रात्री ठरवलेल्या बरोबरीला. खेळाच्या नियमांतही तिला जागा नाही, हे तुला ठाऊक आहे. २०२३च्या डिसेंबरात समरकंदला जागतिक ब्लिट्झ, म्हणजे अतिजलद डावांच्या स्पर्धेत नेपोम्निआची आणि दुबॉव या दोन मित्रांनी नुसते घोडे पुढेमागे नाचवून बरोबरी घेतली, तर पंचांनी दोघांना शून्य दिलं. २००५ साली सोफियाच्या स्पर्धेनं तर खेळाडूंनी आपसात बोलून बरोबरी करण्यावरच बंदी घातली, आणि पुढे ती अनेक स्पर्धांनी उचलली. तुमच्या पटाच्या मागे अर्ध्या गुणासाठी जिवाचं रान करणारी पोरं असतात. कोणी लातूरहून रात्रभर एसटीनं आलेलं असतं. त्यांच्याशीही तुमचं काही देणं लागतं.

पण नियम बाजूला ठेव. तुला सांगायचं आहे ते वेगळंच. तू त्याला आवडलीस ती कशामुळे? तू त्याला कोल्हापुरात पुऱ्या ताकदीनं हरवलंस म्हणून. तो तुला आवडला तो कशामुळे? हरताना त्यानं शेवटपर्यंत तुला फुकट काही दिलं नाही म्हणून. मग आता, ओळख वाढली म्हणून, तुम्ही एकमेकांपुढे अर्ध्या मनानं बसणार? त्याच्या मनात पुढे कधीतरी येईल की तिनं मला सोडलं. तुझ्या मनात येईल की यानं मला सांभाळून घेतलं. बाकी कुठं खुशाल सांभाळून घ्या एकमेकांना, आजारपणात घ्या, पैशांच्या ओढाताणीत घ्या, माझ्या आणि आईच्या चिडचिडीतही घ्या. पटावर नको. आम्ही आजही रविवारी खेळतो तेव्हा तुझी आई मला एक प्यादं माफ करत नाही. मला त्यात जो मान वाटतो तो दुसऱ्या कशात वाटत नाही.

एका घरात दोन खेळाडू नांदतात का, अशी शंका आईजवळ बोलून दाखवलीस म्हणे. का नाही? भाग्यश्री साठे पाच वेळा महिलांची राष्ट्रीय विजेती झाली आणि तिनं संसार केला प्रवीण ठिपसेंशी, जे १९९७ साली देशाचे तिसरे ग्रँडमास्टर झाले. चेन्नईत आर. बी. रमेश ग्रँडमास्टर आणि आरती रामस्वामी अठरा वर्षांखालच्या मुलींची जगज्जेती. दोघांनी मिळून वर्ग काढला आणि प्रज्ञानंदसारखी मुलं घडवली. तुमचं पुढे काय व्हायचं ते होईल, घाई कोणालाच नाही. पण खेळ आड येईल ही भीती मनातून काढून टाक.

आता कामाच्या गोष्टी.

त्याला आजच सांगून टाक की पेअरिंग आलं तर मी पूर्ण खेळणार. समोरासमोर सांग, मेसेज नको. तो तुझ्याकडून झटपट बरोबरीची वाट बघत बसला आणि तू पंधराव्या चालीला हल्ला चढवलास, तर ते बरं दिसणार नाही. माझा अंदाज, त्याला हायसंच वाटेल.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. तू म्हणालीस, त्यानं तुला त्याची वही दाखवली होती, पांढऱ्यानं राजापुढचं प्यादं खेळलं की काळ्यानं घ्यायचा जो कारो-कान बचाव, त्यातली त्याची नवी तयारी. ती त्यानं स्पर्धकाला दाखवली नव्हती, तुला दाखवली होती. त्यातलं काहीही त्याच्याविरुद्ध वापरायचं नाही, एक चालही नाही. त्याचे स्पर्धांतले डाव डेटाबेसमध्ये सगळ्या जगासाठी उघडे आहेत. ते कितीही बघ, त्यातले कच्चे दुवे शोध. वहीतलं मात्र डोक्यात येत असेल, तर तो मार्गच टाळ. पांढरी मोहरी आली तर वजिरापुढचं प्यादं खेळ. कारो-कानचा प्रश्नच येणार नाही आणि तुझंही मन स्वच्छ राहील.

आदल्या रात्री फोन बंद. दोघांचेही. एक रात्र निभेल. तो काय खेळेल याचा विचार करत जागायचं असेल तर जाग थोडी, त्याला माझी मनाई नाही. सकाळी पोटभर खाऊन जा, उपाशीपोटी तू चाळिसाव्या चालीच्या सुमारास घाई करतेस.

जिंकलीस तर लगेच मोबाइल काढून कोणाला कळवू नको. आधी त्याच्याबरोबर डाव बघायला बस, आम्ही थांबू. हरलीस तर त्याच्यासाठी हरल्याचा चेहरा करू नको आणि हसण्याचंही सोंग आणू नको. राग आला असेल तर येऊ दे, त्यालाही कळू दे की तुला राग येतो. आणि लढून बरोबरी झाली, तर मला त्या डावाची एकेक चाल हवी आहे.

पेअरिंग नाहीच आलं तर? तर हे सगळं पत्र पुढच्या स्पर्धेसाठी ठेव. दोघंही असंच खेळत राहिलात तर कधी ना कधी समोरासमोर याल.

भडंगाची दोन पाकिटं तुझ्या मैत्रिणीच्या भावाबरोबर पाठवली आहेत. एक तुझं. दुसऱ्यावर आईनं काही लिहिलं नाही, पण पाठवताना म्हणाली, "नाशिककडे चिवडा मिळतो, असं भडंग नाही मिळत." यातून घ्यायचं ते घे. आजीला अजून काही सांगितलेलं नाही. तिला एवढंच कळलंय की पुण्यात तुझी एका चांगल्या खेळाडूशी गाठ पडणार आहे, आणि तिनं तुझ्यासाठी गणपतीला एकवीस दूर्वांची जुडी बोलून ठेवली आहे.

डाव झाला की त्याच रात्री नोंदीच्या कागदाचा फोटो पाठव. प्रत्येक चालीला लागलेला वेळही लिही. आई पट मांडून बसणार आहे, आणि तिनं आत्ताच सांगून ठेवलंय की काळ्याच्या बाजूनं ती बघणार.

तुझा,
बाबा

ता. क. गणपतीत त्याला चार दिवस सुट्टी असेल तर घरी घेऊन ये. येताना त्याचा पट आणायची गरज नाही, पण खेळावं लागेल हे सांगून ठेव. पहिला डाव आईशी.